पालथ्या होडीतला श्वास

ही गोष्ट खरी आहे.

मी काही सांगायला लागलो की लोक आधीच हसायच्या तयारीत बसतात. बसा. पण हे ज्याच्यावर गुदरलं तो माझा सख्खा साडू आहे आणि त्या माणसाला थाप मारता येत नाही. दातांचा डॉक्टर आहे तो. दाढ उपटताना ‘दुखणार नाही’ एवढंसं खोटंही त्याला धड बोलता येत नाही.

आणि हो, रात्र नव्हती.

रविवारची दुपार होती. लख्ख ऊन. काठावर लोक चहा पीत बसले होते. भुतं दुपारची झोप काढतात, असं तुम्हाला कोणी सांगितलंय?

जागा म्हणजे एका मोठ्या तळ्याकाठचा शिडाच्या होड्यांचा क्लब. लाकडी धक्का, पत्र्याची शेड, आणि कपडे बदलायच्या खोलीत कधीच न वाळणाऱ्या बुटांची रांग. त्या बुटांत पाय घालायचा म्हणजे कुणाच्या तरी तोंडात पाय घातल्यासारखं वाटे. हे साडूचे शब्द.

साडू तिखट नाकाचा. दिवसभर लोकांच्या तोंडात बोटं घालतो, पण घरी आला की स्वतःचा धुतलेला चमचा पुन्हा विसळून घेतो. बायकापोरांचंही उष्टं पाणी पीत नाही. पेशंटने नुसता ‘आ’ केला की आत न बघता सांगेल, कुठल्या दाढेखाली पू झालाय.

असा माणूस तळ्यावर कशाला कडमडला?

पोरीसाठी. घरात तिला झिपरी म्हणतात, त्या केसांच्या जंगलामुळे. कॉलेजात नुकतीच गेलेली. बापाशी तिचं बोलणं म्हणजे ‘हो’, ‘नाही’ आणि ‘चार्जर कुठाय’. तिने एकदा आपणहून काही मागितलं, ते हे. शिडाची होडी शिकायची. आणि क्लबचा नियम असा की लहान वयाचं पोर घेतात, पण घरच्या मोठ्या माणसानेही सभासद व्हायचं. होडी दोघांची, शिकायचंही दोघांनी.

“तू?” त्याची बायको हसत सुटली. “बादलीत केस दिसला तर अंघोळ सोडून बाहेर येतोस. तू तळ्यात उतरणार?”

“उतरेन,” साडू म्हणाला.

उतरला. शीड बांधायला शिकला. वारा कुठून येतो ते गालाने ओळखायला शिकला. पहिल्याच फेरीत शिडाची आडवी दांडी गर्रकन फिरली आणि त्याचं टाळकं शेकून निघालं. झिपरी पोट धरून हसली.

“बाबा, वाक म्हटलं की वाकायचं असतं. नमस्कार करतोयस समज.”

ती आपल्याकडे बघून हसली, या आनंदात तो आणखी दोन टोले खायला तयार होता.

मग आला तो रविवार.

शिकवणारा एक म्हातारा होता. त्याला सगळे तांडेल म्हणत, जसा काही मोठ्या गलबताचा म्होरक्या. समुद्र त्याने चित्रातच पाहिला असावा.

“पोहता येतं म्हणजे झालं असं नाही,” तांडेल म्हणाला. “होडी आज ना उद्या पालथी होणारच. म्हणून आज आपणच करायची. पालथ्या होडीखाली हवा अडकून राहते, उपड्या वाटीत राहते तशी. हातपाय झाडायचे नाहीत. त्या हवेत डोकं काढायचं आणि वर लाकडावर ठोकायचं. माणशी एक ठोका. आतलं बोलणं बाहेर कळत नाही, ठोका कळतो. मी शिटी दिली की बुडी मारून बाहेर.”

“हवा पुरेल ना?” साडूने विचारलं.

“पुरते की. आत कितीही जण असू देत.”

असं म्हणून तांडेल हसला. कशाला हसला, ते साडूने विचारलं नाही.

दोघं होडी घेऊन निघाले. तांडेल त्याच्या इंजिनाच्या होडीत थोडा लांब थांबला. बापलेकीने एकाच बाजूला भार टाकला. होडी कलली... शीड पाण्यावर आपटलं... आणि सगळं हिरवंगार झालं.

तरंगायच्या जॅकेटने साडूला वर ढकललं. डोकं हवेत आलं.

आत अंधार. जुनी लाकडी होडी, गढूळ पाणी. उजेड येणार कुठून? गळ्याशी शेवाळ चिकटलं होतं. उजव्या हाताला झिपरी. तिचा हात त्याने घट्ट धरला.

“बाबा, कसलं भारी आहे ना हे!”

त्याने उत्तर द्यायला श्वास घेतला...

आणि तिथेच थांबला.

वास.

शेवाळाचा नव्हता. मेलेल्या माशाचाही नव्हता. तो वास त्याच्या धंद्यातला होता. तोंडाचा वास. बरेच दिवस मिटून राहिलेल्या, आतून सडलेल्या तोंडाचा. जुन्या कवळीखाली अन्न कुजलं की येतो तसा, पण दसपट.

आणि तो कोमट होता.

डाव्या गालावर येत होता. येत होता... थांबत होता... पुन्हा येत होता.

झिपरी तर उजवीकडे होती.

साडूने डोळे मिटून वर ठोकलं. ठक. झिपरीने ठोकलं. ठक.

मग डावीकडून...

ठक.

“बाबा, तू दोनदा ठोकलंस?”

बाहेर शिटी वाजली. साडूच्या घशाशी उलटी आली होती. “चल, बाहेर!” एवढंच तो कसंबसं म्हणाला, तिचा हात सोडला आणि बुडी मारली.

बाहेर येताच तो भडाभडा ओकला. सकाळचं सगळं तळ्यात गेलं. तांडेल लांबून ओरडला, “होतं असं पहिल्यांदा!”

साडूने तोंड पुसलं. वळून पाहिलं.

झिपरी आलीच नव्हती.

“अहो, पोरगी?”

“येईल. घाई कसली?”

ठक.

आतून आवाज आला. साडूचा जीव भांड्यात पडला. “आहे, आहे. ठोकतेय ती,” तो म्हणाला.

तांडेलचा चेहरा मात्र उतरला. त्याने इंजिन सुरू केलं. “तो ठोका धरू नका, डॉक्टर.”

“म्हणजे?”

“इथे एक ठोका सोडून मोजायचं असतं. पहिल्यापासून तसंच आहे. होडी पालथी झाली की एक ठोका जास्तीचा येतो. आम्ही तो धरत नाही.”

साडूला समजायला एक क्षण लागला.

तो ठोका धरायचा नाही. म्हणजे तो झिपरीचा नाही. म्हणजे झिपरी आत आहे आणि ठोकत नाहीये.

जॅकेट अंगात असलं की खाली जाता येत नाही. त्याने बंद सोडले, जॅकेट भिरकावलं आणि होडीची कड धरून स्वतःला खाली ओढलं. तांडेल काहीतरी ओरडत होता. ते त्याच्या कानात शिरलंच नाही.

पुन्हा तो अंधार. पुन्हा तो वास. आता तर जिभेवर चव येत होती त्याची.

“झिपरे!”

उत्तर नाही.

त्याने हात फिरवले. हाताला केस लागले. ओले, लांब, जाड. केसांखाली चेहरा. तो थंडगार होता. अजिबात हलत नव्हता. नाकाशी बोट धरलं... श्वास नव्हता.

आता सांगतो ते जरा सांभाळून ऐका. जेवत असाल तर ताट बाजूला ठेवा.

ज्या माणसाने आयुष्यात कुणाचं उष्टं पाणी प्यायलं नाही, त्याने चेहऱ्यावरचे ते बुळबुळीत केस बाजूला केले. नाक चिमटीत धरलं. ते भिजलेल्या पावासारखं मऊ लागलं. त्याने स्वतःचं तोंड त्या तोंडावर टेकवलं आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास आत फुंकला.

“श्वास घे, बाळा!”

काही नाही.

त्याने पुन्हा तोंड लावलं. पुन्हा फुंकलं. “श्वास घे, बाळा... घे!”

तिसऱ्यांदा त्याला फुंकावंच लागलं नाही.

त्या तोंडाने ओढून घेतला.

ओठ घट्ट बसले आणि आतून ओढ लागली. लहान मूल दूध ओढतं तशी. हावरट. साडूची जीभ ओढीबरोबर पुढे गेली आणि तिला दात लागले...

डॉक्टरच तो. जिभेलाही कळलं. खालचे पुढचे दोन पडलेले. एक अर्धा तुटलेला. वर सैल झालेली कवळी, ती तोंडातल्या तोंडात हलत होती. हिरड्या लोण्यासारख्या.

झिपरीच्या तोंडात एकही दात किडका नव्हता. तो स्वतः तपासायचा.

तेवढ्यात वरून, होडीच्या बुडावर, बाहेरून धडाधडा थापा पडल्या.

“बाबा! बाबा, मी बाहेर आहे! ये ना!”

तो कसा सुटला, ते त्याला आजही सांगता येत नाही. वर आला तेव्हा ओठ रक्ताळलेले होते. झिपरी पलीकडच्या अंगाला, सुकाणू धरून तरंगत होती. बाहेर पडताना तिचे केस दोरात अडकले होते, ते सोडवून ती मागच्या बाजूने निघाली होती. पाणी नाकातोंडात गेल्यामुळे हाक मारता आली नव्हती, आणि होडीच्या आडोशामुळे ती कुणालाच दिसली नव्हती.

साडूने तिला मिठी मारली नाही.

तो थुंकत होता. थुंकत होता, बोटांनी जीभ खरवडत होता. दातांच्या फटीतून त्याने एक लांब केस ओढून काढला. पांढरा.

झिपरीचे केस काळेभोर आहेत. आणि आतल्या त्या अंगावर जॅकेटही नव्हतं. हे त्याला तेव्हा कुठे सुचलं.

काठावर त्याने तांडेलला गाठलं. “कोण आहे ते?”

“कुणास ठाऊक. इथे कुणी बुडाल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. पण त्रास काही नाही हो त्याचा. नुसतं ठोकतं.”

“मग आधी का नाही सांगितलं?”

“सांगितलं तर सभासद कोण होईल?” तांडेल म्हणाला. मग त्याच्या ओठांकडे बघत हळूच विचारलं, “तुम्ही आत काय केलंत, डॉक्टर?”

साडूने झिपरीला गाडीत बसवलं आणि निघाला.

घरी त्याने इतके दात घासले की हिरड्या फुटल्या. बायकोला एवढंच सांगितलं, की तळ्याचं पाणी घाण आहे आणि झिपरीने आता जायचं नाही.

“तुला किळस आली म्हणून पोरीने सोडायचं?” बायको उसळली. “ती कधी नव्हे ते घरात गाणं म्हणायला लागलीय. तुला जमत नसेल तर मी होते सभासद. मी काठावर बसेन.”

झिपरीने त्याच्याशी बोलणं टाकलं. ‘हो’, ‘नाही’सुद्धा बंद झालं.

आणि मग तांडेलचा फोन आला. स्वारी खुशीत होती.

“डॉक्टर, गेलं बघा ते! तुम्ही गेल्यापासून कितीतरी होड्या पालथ्या केल्या. माणशी एक ठोका, बास. जास्तीचा येतच नाही. काय केलंत कोण जाणे, पण उपकार झाले!”

साडूने दोनदा खात्री करून घेतली. मग पोरीला म्हणाला, “जा.”

ती धावतच गेली. जाताना त्याच्या गालाला गाल लावून गेली. तो आपसूक जरा मागे सरकला, पण हसला.

त्या दिवशी दुपारी तळ्यावर वावटळ आली. साडू दवाखान्यात होता. खुर्चीत पेशंट, हातात कवळीचं माप.

संध्याकाळी झिपरी घरी आली ती ओलीचिंब आणि भलतीच खूश.

“बाबा, तू सांगितलं का नाहीस येणार आहेस म्हणून?”

“कुठे?”

“तळ्यावर! वाऱ्याने आमची होडी पालथी केली ना. तुझ्या जागी क्लबने दिलेली जोडीदारीण बाहेर फेकली गेली, मी एकटीच आत. अंधार... जाम घाबरले मी. श्वासच घेता येईना. तेवढ्यात शेजारून तुझा आवाज आला.”

साडूने हातातला कप खाली ठेवला.

“काय म्हणालो मी?”

“असं काय करतोस! ‘श्वास घे, बाळा,’ म्हणालास. दोनदा. मग भीतीच गेली माझी. म्हटलं, बाबा आला. बाहेर आले तर तू गायब!” ती टॉवेलने केस पुसत थांबली. “फक्त एक सांगू? रागावू नकोस हं. दातांचा डॉक्टर ना तू... तुझ्या तोंडाला किती घाण वास येत होता, बाबा.”

झिपरीचं तळं त्या दिवसापासून कायमचं बंद झालं. घरात रडारड झाली, अबोला झाला. साडूने कुणाचंच ऐकलं नाही. कारणही सांगितलं नाही. क्लब मात्र चालू आहे. होड्या पालथ्या होतात, ठोके बरोबर येतात.

हे सगळं त्याने परवा मला सांगितलं. बायका आत गप्पा मारत होत्या. सांगून झाल्यावर त्याने रुमालाने ओठ पुसले. मग म्हणाला, “मी पेशंटना रोज सांगतो, स्वतःच्या तोंडाचा वास स्वतःला येत नाही. दुसऱ्यालाच विचारावं लागतं.”



तो खुर्ची ओढून माझ्याजवळ सरकला. अगदी जवळ. आणि त्याने ‘आ’ केला.

“घरच्यांना विचारायची हिंमत नाही होत. तू सांग. खरं सांग... येतो का?”

मी पुढे वाकलो. क्षणभर थांबलो. मग त्याच्या खांद्यावर थाप मारली.

“छे रे. काही नाही.”

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. केवढा मोकळा झाला तो!

आता तुम्हाला म्हणून सांगतो.

मी श्वास घेतलाच नव्हता.