विचारण्याआधीच नकार

त्या तरुणाने काही विचारायच्या आतच शरयूने त्याला नकार देऊन टाकला.

झालं असं. १९८७ चा ऑक्टोबर, सिॲटलच्या पूर्वेकडचे डोंगर, विद्यार्थ्यांची सहल, वर झिमझिम आणि खाली शेवाळ. ओंडक्यावरून पाय सटकला आणि शरयू बसली ती थेट चिखलात. तोंडून "आई गं!" निघालं. आणि त्या फर वृक्षांच्या काळोख्या जंगलातून, जिथून एखादं अस्वल आलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती, मागून आवाज आला –

"लागलं का हो?"

तिने वळून पाहिलं. माकडटोपी, पावसाने भरलेला चष्मा आणि पुढे केलेला हात.

दुसरी कुणी असती तर परदेशात मराठी ऐकून विरघळली असती. पण दुसऱ्या कुणाला रेडमंडची लतिकामावशी नव्हती. शरयू युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होती आणि मावशी शरयूचं लग्न. मावशीची पद्धत आधुनिक. पाहणं-बिहणं नाही, मुलगा 'सहज' भेटायचा. गेल्या महिन्यात लाँड्रीत एक सहज भेटला, धुवायला रुमालसुद्धा न आणता. लायब्ररीत एक भेटला, त्याने पुस्तक उलटं धरलं होतं. आता बाई डोंगरापर्यंत पोचल्या म्हणायच्या!

"मावशीला सांगा, नाही म्हणाली," शरयू चिखल झटकत म्हणाली.

"कुणाच्या मावशीला?"

"ॲक्टिंग छान आहे."

"काय बोलून राहिल्या तुम्ही?" म्हणजे नागपूर. मावशीने आता विदर्भही सोडला नव्हता. "नाही... कशाला?"

"लग्नाला."

पुढे केलेला हात तसाच राहिला.

"मी तर फक्त लागलं का विचारलं," तो शेवटी म्हणाला. "पुण्याकडे असं असते का?"

"सांगलीकडे," शरयू म्हणाली आणि चालू लागली.

एकदा नकार देऊन टाकला की माणूस फार मोकळा होतो. आता छाप पाडायची नव्हती. तिने त्याच्या पिशवीतला चिवडा न विचारता खाल्ला. नाकातून आवाज काढत हसली. तोही आधीच नापास झालेला, त्यामुळे काही लपवेना. पोर्टलंडहून मित्राच्या गाडीने या सहलीला आलो, म्हणाला. नाव चारुदत्त. पोटापाण्यासाठी पुलांची डिझाइन्स करतो.

"आणि पुढे तो लाकडी पूल दिसून राहिला ना... मला उंचीची भीती वाटते."

"पूल बांधणाऱ्याला?"

"बांधतो. जात नाही त्यांच्यावर."

शरयू हसून हसून वाकली. मग तिने आपल्या पिशवीचा पट्टा त्याच्या हातात दिला, आणि तो डोळे मिटून तिच्या मागून पूल ओलांडून आला. पलीकडे पोचल्यावर पट्टा सोडायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

त्यांचा वाटाड्या होता इदिर, मोरोक्कोच्या ॲटलास डोंगरातल्या बर्बर जमातीचा. वनशास्त्र शिकायचा आणि सुट्टीच्या दिवशी परदेशी विद्यार्थ्यांना डोंगर दाखवायचा. अमेरिकेबद्दल त्याची एकच तक्रार होती: इथल्या डोंगरात गावं नाहीत. डोंगर म्हटला की वाटेत गाव हवं, गावात भुंकणारं कुत्रं हवं आणि कुत्र्यावर ओरडणारी म्हातारी हवी. मैलोन् मैल नुसती झाडं? त्याचा जीव घाबरायचा. म्हणून दर वळणावर तो आपलं एक गाव मनानेच वसवायचा. "डावीकडे मातीची घरं, गच्चीवर मका वाळतोय. सांभाळून, शेळ्या येताहेत!" आणि सगळे निमूट बाजूला व्हायचे.

एका मोकळ्या जागी तो थांबला. "हे माझ्या मावशीचं गाव."

शरयू दचकली. मावशी इथेही होती.

गावात आलं की चहा हा इदिरचा नियम. थर्मासमधून पुदिन्याचा, भयंकर गोड चहा निघाला. आमच्याकडे प्रेमात हृदयाचं काही काम नसतं, तो सांगू लागला, मुलगी म्हणते, तू माझं लिव्हर नेलंस.

"लिव्हर?" बाकीच्या मंडळींचे कप जागच्या जागी थिजले.

"काळीज!" शरयू आणि चारुदत्त एकदम म्हणाले. आणि त्यांची नजरानजर झाली... जरा जास्तच वेळ.

उतरताना शरयूचं लक्ष वाटेकडे नव्हतं. धक्का मोठा होता. मावशीचा नेम या वेळी बरोबर लागला होता, आणि हे मावशीला सांगावं लागणार होतं!

खाली गाड्यांपाशी आल्यावर ती चिखलाकडे बघत म्हणाली, "मावशीला सांगा... विचार करते."

चारुदत्तने चष्मा पुसला. "शप्पथ सांगतो, तुमच्या मावशीला मी ओळखत नाही."

"पुरे हो आता," म्हणत ती वनखात्याच्या चौकीबाहेरच्या फोनकडे गेली.

"मावशी, मानलं तुला. आजचा बरा पाठवलास."

"आज? आज कुणालाच नाही गं पाठवलं," मावशी कण्हली. "पाठ धरलीये माझी, सकाळपासून आडवी आहे. का गं? कोण भेटलं? कुणाचा? आईवडील कुठले–"

शरयूने फोन ठेवला. मग फोनच्या खांबालाच धरून उभी राहिली.

म्हणजे एका वाटसरूने लागलं का विचारलं, आणि तिने त्याला लग्नाला नकार दिला. वर संध्याकाळी 'विचार करते' असंही कळवलं. पण त्याहून भयंकर गोष्ट निराळीच होती. या मुलाला कुणी पाठवलं नव्हतं. कुणी पारखलं नव्हतं. तो आवडला होता, तो सर्वस्वी तिच्या एकटीच्या जबाबदारीवर.

ती परत आली तेव्हा तो तिथेच भिजत उभा होता.

"सॉरी... मला वाटलं–"

"कळलं होतं मला. चहापर्यंत सगळं कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की! किती वेळा! चहानंतर मात्र..." तो अडखळला. "चहानंतर एकदाच बोललो, तेही हळूच. भीती वाटली."

"कसली?"

"तुम्ही विश्वास ठेवाल याची."

शरयूच्या कानांपर्यंत ऊन चढलं, वर पाऊस असून. तेवढ्यात पोर्टलंडच्या गाडीने हॉर्न दिला.

"निघतो मग," तो म्हणाला. निघाला मात्र नाही.

"थांबा ना," शरयू म्हणाली... आणि आपण हे मोठ्याने म्हणालो, हे तिला जरा उशिराच कळलं.

चारुदत्त गाडीकडे धावला, खिडकीत वाकून काहीतरी बोलला. गाडी गेली. तो परत आला तो पांढराफटक.

"गेली."

"मग घरी कसे जाणार?"

"काही माहीत नाही. असं... कधी केलंच नाही मी."

"मीपण नाही."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले, आपल्याच घरी आपणच चोरी केल्यासारखे. इदिरने व्हॅनचं दार उघडलं. "सिॲटलपर्यंत वाटेत बरीच गावं लागतील," तो गंभीरपणे म्हणाला. "चहाला थांबावं लागेल."

चारुदत्त आत चढला, वळला आणि त्याने हात पुढे केला. शरयूने, या खेपेला कुणालाही न विचारता, तो धरला.