तुळसाबाईच्या खोलीतला कॅमेरा

मोबाईल खाली ठेव, प्रीतम. उजेड डोळ्यात येतो. सांगतो ते एकदाच सांगीन.

"आबा, सच्चीवाली हाय का?"

खोटं सांगायला मला वेळ नाही. भोजराजला तुम्ही ओळखता. बालाघाटला बस स्टँडमागे त्याचं कॅमेरे बसवायचं दुकान आहे. त्याचा बाप आणि मी उकव्याच्या खाणीत एका पाळीत होतो. मी चौथी शिकलो. वायरीतलं मला कळत नाही. त्यानं सांगितलं तसं सांगतो. शेवटचं मात्र मी स्वतः पाहिलं.

दोन वर्षांपूर्वीची चौदा मे. मंगळवार. संध्याकाळी सात वाजता भोजराजला किरनापुरहून घनश्यामचा फोन आला. घनश्यामचं बियाण्याचं दुकान, पक्कं घर, घराला चार कॅमेरे. सगळे भोजराजनंच बसवलेले.

"डीव्हीआर आपोआप बंद होते, चालू होते, पुन्हा बंद होते. दर वेळी टूं वाजते. घरात पाव्हणे हायेत. आत्ताच ये."

डीव्हीआर म्हणजे कॅमेऱ्यातलं सगळं साठवून ठेवणारा डबा. भोजराजनं पिशवी भरली, मोटरसायकल काढली.

घनश्यामची आई तुळसाबाई शनिवारी रात्री गेली होती. मागच्या खोलीत. दीड वर्ष खाटेवर होती. आपल्याकडे जिथं जीव जातो तिथं दहा दिवस दिवा ठेवतात, शेजारी पाण्याचा गडवा. दिवा विझू द्यायचा नाही. पाणी रोज बदलायचं. घरातल्या कुणीतरी तिथं बसायचं.

या घरात कुणी बसत नव्हतं. खोलीला वास येतो म्हणे. चौथा कॅमेरा त्याच खोलीत होता. हॉलमधल्या टीव्हीवर दिवा दिसायचा. जेवता जेवता मान वर करून बघायचे. दिवा जळतो आहे, झालं. त्यासाठी मशीन चालू हवी होती.

थू.

म्हातारी जिवंत होती तेव्हाही तेच. कॅमेरा बसवला त्या दिवशी घनश्याम आईला म्हणाला होता, "काही लागलं तं याच्याकडे पाहून बोल. मले मोबाईलवर ऐकू येते." भोजराजच्या समोर म्हणाला. म्हातारी कॅमेऱ्याला हात जोडून हसली होती.

साडेआठला भोजराज पोचला. दारातच घनश्यामची बहीण मंजुषा भेटली. गोंदियाला दिलेली. तिनं त्याला बाजूला घेतलं.

"भाऊ, मले शनिवारची रात्र पाहायची हाय. दादा म्हणते, शेवटचं पाणी मीच पाजलं. मी पोचली तं आईचे ओठ फुटले होते... मले एवढंच पाहायचं हाय. पाणी भेटलं का नाही."

"मशीन चालू झाली तं दाखवतो, ताई."

आत गेल्यावर घनश्यामनं त्याला कोपऱ्यात ओढलं. "रेकॉर्डिंग उडालं म्हणून मंजुषाले सांगून दे. फुकट रडत बसन."

"पहिले पाहू तं द्या भाऊ, काय झालं."

"काय पाहतं? तूनंच लावली ना बे मशीन? दोन वर्षं नाही टिकली."

"मशीन टिकते. झाडझूड करा लागते."

मशीन टीव्हीखाली होती. टूं वाजायची, चार चौकटी दिसायच्या, मिनिटभरानं सगळं काळं. पुन्हा टूं. भोजराजनं आधी अडॅप्टर बदलला. करंट कमी पडला की असं होतं म्हणे. फरक नाही. मग डबा उघडला. आत झुरळं. जिवंत, मेलेली, अंडी, काळी विष्ठा. मधोमध वाळलेली पाल चिकटलेली. वास असा की त्यानं तोंडाला रुमाल बांधला. आणि त्याच घरात तेरवीचे लाडू किती करायचे यावर चर्चा चालली होती.

त्यानं ब्रशनं सगळं झाडलं. लावली. टूं... काळं.

हार्ड डिस्क काढून पाहिली, पुन्हा बसवली. तरी तेच.

मग त्यानं चारही कॅमेऱ्यांच्या वायरी काढल्या. मशीन चालली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बंद पडली नाही. असंच शोधतात म्हणे. सगळं काढायचं, मग एक एक लावायचं, ज्याच्यानं बंद पडेल तो चोर. पहिली वायर लावली. ठीक. दुसरी. ठीक. तिसरी. ठीक.

चौथी लावली. टूं.

"आईच्या खोलीतला हाय," भोजराज म्हणाला. "तिकडे वायर कुठंतरी भिडून राह्यली."

"मंग कापून टाक," घनश्याम म्हणाला.

"काहून कापते?" मंजुषा उठली. "अन् दिवा कसा पाहशीन तू? खोलीत जाशीन?"

घनश्यामनं गमछा नाकाला लावला.

भोजराज स्टूल घेऊन मागच्या खोलीत गेला. पावणेदहा झाले होते. खाट बाहेर काढलेली. जमिनीवर दिवा. शेजारी गडवा. तो स्टूलावर चढला. कॅमेऱ्यामागं एक छोटी प्लास्टिकची डबी असते, त्यात वायर जोडलेली असते. त्यानं डबी उघडली.

पाणी सांडलं. मनगटावरून कोपरापर्यंत आलं.

मे महिना. वर कोरडी स्लॅब, ना टाकी ना नळ. पाणी पिवळट होतं. चिकट. खूप दिवस न धुतलेल्या तोंडाला येतो तसा वास.  त्यानं डबी पुसली, जोड पुसला, सुका केला. झाकण लावणार तेवढ्यात... डबी पुन्हा भरलेली.

त्यानं जोड ओढून वेगळा केला. वायरीचं टोक हातात ठेवलं. आता कॅमेऱ्याला वीज नाही, टीव्हीवर चित्र यायलाच नको.

हॉलमधून मंजुषानं हाक मारली. "भाऊ, कॅमेऱ्यापुढे काय धरलं?"

"काहीच नाही."

"मंग हे काय दिसते?"

"काय?"



"लाल हाय. ओलं. हालते..."

पाल असेल म्हणून भोजराजनं काचेवर पाहिलं. पाल नव्हती. हातातल्या वायरीकडे पाहिलं. ती सुटलेलीच होती.

"अजून दिसते, ताई?"

त्यानं मान दाराकडे वळवली.

"ताई?"

मंजुषा दारात येऊन उभी होती. तिनं कॅमेऱ्याकडे पाहिलंच नाही. खाली पाहिलं. वाकून गडवा उचलला, तिरपा केला. एक थेंब पडला नाही. तळाला मुंग्या.

"पाणी कोण बदलत होतं?" तिनं विचारलं.

मागं घनश्याम आला होता. नाकाला गमछा. "दिवा तं दिसत होता ना टीव्हीवर..."

"गडवा नाही दिसला?"

"तेवढं बारीक कोण पाहते."

तीन दिवस. घरातल्या कुणी उंबरठा ओलांडला नव्हता. तेलसुद्धा शेजारची बाई येऊन घालायची. मंजुषानं गडवा घासला. भरून आणला. दिव्याजवळ ठेवला. म्हणाली, "आई, घे."

"आबा, मंग पाणी कमी झालं?"

मधे बोलू नको. भोजराजनं गडव्याकडे पाहिलं नाही. मीही विचारलं नाही.

त्यानं जोड पाहिला. सुका होता. वायर लावली. हॉलमध्ये आला. मशीन चालू. चार चौकटी. चौथ्या चौकटीत दिवा. दहा मिनिटं, वीस मिनिटं... टूं नाही.

"लावा," मंजुषा म्हणाली. "शनिवार."

"काही नाही त्यात," घनश्याम म्हणाला. "झोपून जा आता."

"भाऊ, लावा."

भोजराजनं लावलं. आवाज नव्हता. मशीनमध्ये चौथ्या कॅमेऱ्याचा आवाज बंद केलेला होता. पंधरा एप्रिलपासून. त्यानं घनश्यामकडे पाहिलं.

"रातभर चिल्लाते," घनश्याम म्हणाला. "मले सकाळी दुकान राह्यते."

रात्री बारा. म्हातारी खाटेवर. बारा चाळीस. मान वळवून कॅमेऱ्याकडे पाहते. ओठ हलतात. हात जोडते. थांबते. पुन्हा ओठ हलतात.

एक वाजला. दोन. दार बंद.

ओठ हलत होते... दोन वाजून दहा मिनिटांनी हात खाली पडले. तोंड उघडं राहिलं. कॅमेऱ्याकडेच.

भोजराज पुढं ढकलत गेला. तीन. चार. पाच. दार बंद. साडेसहाला दार उघडलं. घनश्याम आला. हातात पेला. आईला हलवलं. मग मागं पाहिलं, कुणी नाही ना म्हणून. आणि पेला त्या उघड्या तोंडात ओतला. पाणी गालावरून उशीत गेलं. मग तो बाहेर जाऊन ओरडला.



मंजुषा रडली नाही. "पाजलं तूनं," ती म्हणाली. "बरोबर सांगत होतास."

"मले वाटलं झोपली हाय..."

"हौ."

ती उठली. मागच्या खोलीत जाऊन दिव्याजवळ बसली. भोजराजला म्हणाली, "भाऊ, तो कॅमेरा घेऊन जा. दिवा पाहाले मी हाय आता." दहाव्यापर्यंत ती तिथून हलली नाही. पाणीही तिनंच बदललं. त्या घरचा घास मात्र खाल्ला नाही, शेजारून डबा यायचा.

भोजराज रात्री साडेबाराला माझ्याकडे आला. घरी गेला नाही. आंघोळीला पाणी मागितलं. मग पिशवीतून कॅमेरा काढला.

"काका, काच पाहा जरा."

वाटीसारखी गोल काच असते. तिच्यावर धुरकट काहीतरी होतं. मी गमछ्यानं पुसलं. गेलं नाही. पुन्हा पुसलं.

"आतून हाय," तो म्हणाला.

काचेला कंपनीचं सील होतं. तुटलेलं नव्हतं, मी बल्बखाली धरून पाहिलं. त्यानं ते माझ्यासमोर कापलं, स्क्रू काढले, काच उलटी करून माझ्या तळहातावर ठेवली.

दोन ओठ. उघडे, काचेला दाबलेले. फुटलेल्या कातडीच्या रेघाही उमटलेल्या. आणि मधोमध वरून खालपर्यंत जिभेचा पट्टा.

मी बोट लावलं.

ओला होता.