चौकातून की गल्लीतून?

वाऱ्याने गास्पारची टोपी उडवली ती थेट नदीत, कपडे धुणाऱ्या ओदिलच्या साबणाच्या फेसात. ओदिलने ती काठीने वर काढली, पिळली आणि हसत त्याच्यापुढे धरली.

"घ्या, छोटे मालक. टोपी निघाली धुऊन. डोक्याचं तुमचं तुम्ही बघा!"

"डोकंच तर ठिकाणावर नाही... तुला पाहिल्यापासून," तो बोलून गेला आणि कानापर्यंत लाल झाला.

झालं! नगराध्यक्षांच्या या लेकाला रोज नदीवर काही ना काही काम निघू लागलं. ओल्या चादरीचं दुसरं टोक धरून तो पिळू लागे. पीळ घट्ट होत जाई, दोघं जवळ येत... आणि ओदिल चादर झटकन ओढून घेई. परतताना मात्र तो मागच्या गल्लीतूनच सोबत करी. चौक आला की त्याची वाट वेगळी.

"चौकात काटे पसरलेत का हो?" एकदा तिने विचारलंच.

"तसं नाही गं... लोक बोलतात."

लोक! नॉर्मंडीतल्या त्या गावात हिवाळाभर प्रशियन फौजेचा तळ होता. त्यांचे कपडे धुवायला ओदिलला खुद्द नगराध्यक्षांनी धाडलं होतं. "पोरी, नाही म्हणालीस तर गाव पेटवतील," म्हणाले. त्यांच्या बाईसाहेब त्याच फौजेच्या कप्तानाला आग्रह करकरून बदक वाढत होत्या, त्याच्या पियानोवर माना डोलावत होत्या. तो म्हणे पाहुणचार! फौज गेली, आणि 'शत्रूची धोबीण' हे नाव तेवढं ओदिलला चिकटलं. बाकी सगळे करून सवरून नामानिराळे.

रविवारी चर्चमध्ये आशीर्वादाच्या पावाची टोपली निघाली. पाव नगराध्यक्षांच्या घरचा, म्हणून बाईसाहेब स्वतः वाटत होत्या. पुढच्या बाकांना जाड तुकडे, मागच्यांना चुरा. ओदिलने हात पुढे केला... आणि टोपली तिच्या हातावरून पुढे गेली. म्हणजे गावाने वाळीत टाकलं. उद्यापासून कुणी तिच्याशी बोलणार नव्हतं.

तिने गास्पारकडे पाहिलं नाही. तो मान खाली घालून बसलेला दिसला असता, तर ते तिला सोसलं नसतं.

एवढ्यात बूट वाजले. पुढच्या बाकावरून उठून तो अख्खं चर्च ओलांडून आला होता. त्याने आपला तुकडा मोडला आणि अर्धा तिच्या हातावर ठेवला.

"गास्पार, जागेवर बस!" बाईसाहेब कुजबुजल्या, ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"बसतोच आहे, आई." तो ओदिलशेजारी टेकला. "कप्तानाला आपण बदक वाढलं. त्या पंगतीला मीही होतो. मग हिला साधा पाव नाही?"

ओदिलला रडूच फुटलं. राग, लाज, प्रेम, सगळं एकदमच. "इतके दिवस कुठे होतात?"

"मागच्या गल्लीत... भित्रा आहे गं मी. आत्ताही भीती वाटतेच."

तिने डोळे पुसले आणि पाव खाल्ला.

प्रार्थना संपली. पायऱ्यांवर सगळं गाव टकमक बघत उभं होतं.

"घरी घेतील का तुम्हाला?" तिने हळूच विचारलं.

"बहुतेक नाही."

"मग करणार काय?"

"चादरी पिळता येतात की मला. एक टोक तू धरशील ना?"

"धरीन," ती म्हणाली. "पण आधी चौकातून चल, गास्पार."

आणि दोघं निघाली, भर चौकातून, हातात हात घालून.