चौकटीतलं नाव

"मामा, या खुर्चीवर माझ्याआधी कोण बसायचं?"

हा प्रश्न मनस्वीच्या मनातला नव्हता. आम्ही मैत्रिणींनी पैज लावून तिच्या तोंडी घातला होता.

आणि आधीच सांगते, हे घडलेलं आहे. शप्पथ. एक अक्षर पदरचं नाही. साल १९९६, मे महिना, ठिकाण रोहा. रात्र-बित्र काही नव्हती हं... लख्ख दुपार होती. म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

मनस्वी माझी पेणची मैत्रीण. दहावीची परीक्षा संपली होती, निकाल लागायचा होता. तिचे बाबा धरमतरच्या जेटीवर कामाला. सुट्टीत ती रोह्याला हिरामणमामाकडे गेली. मामाचं नकाशे काढायचं छोटं ऑफिस होतं. नागोठण्याकडच्या कारखान्यांच्या टाक्या, पाइप, जिने, सगळ्यांचे नकाशे. ऑफिसात कॉम्प्युटर एकच. त्याच्यापुढे खुर्ची एकच.

आणि त्या खुर्चीवर डोळा दोघींचा.

एक मनस्वी. दुसरी मामाची मुलगी नमिता.

नमिता वर्षाने मोठी. नमिताची रेघ सरळ, नमिताचे घावन जाळीदार, नमिताचे मार्क तर विचारूच नका. मनस्वीच्या घरी रोज ताटात भाताबरोबर नमिताचं कौतुक वाढलं जायचं.

फक्त एक गोष्ट नमिताला येत नव्हती. आकडे वाचणं.

त्याचं असं होतं. कारखान्याचे नकाशे फ्लॉपीवर यायचे. मामाच्या कॉम्प्युटरवर उघडले की रेघा जागच्या जागी, पण अक्षरं भलतीकडे! टाकीचं नाव जिन्यावर, जिन्याचं नाव गटारात. मग ती फाइल नुसत्या मजकुरासारखी उघडायची. आत आकड्यांची लांबच लांब रांग. वर खुणेचा आकडा, खाली त्याची किंमत. ४० खाली अक्षरांची उंची. ७२ खाली मजकूर डावीकडून धरायचा, मधे की उजवीकडून. ७१ खाली सहा असेल, तर अक्षरं आरशातल्यासारखी उलटी आणि वर डोक्यावर उभी. १० आणि २० खाली मजकुराची जागा, असं मामा धरून चालला होता. आठ दिवस बिचारा तेच आकडे बदलत होता. अक्षरं ढिम्म.

मनस्वीने तीन दिवसांत छडा लावला. ७२ खाली शून्य नसेल, तर १० आणि २० ला कुणी विचारत नाही. खरी जागा ११ आणि २१ खाली असते!

मामा खूश. म्हणाला, "चाळीस नकाशांचं काम आलंय. जी नीट करील, तिचं नाव नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत, 'काढणार' म्हणून. आणि पुढं खुर्ची पण तिचीच."

नमिता पाय आपटत आत गेली.

त्या रविवारी मनस्वी पेणला आली ती नाचतच. कारखान्याच्या नकाशावर आपलं नाव! खोटं कशाला बोलू, आमचं सगळ्यांचंच थोडं जळलं. म्हणून आमच्यातल्या पुतळीने पुडी सोडली. "त्या ऑफिसात आधी एक पोरगी होती म्हणे... मेली ती. हिंमत असेल तर विचार मामाला!"

सोमवारी मनस्वीने विचारलं.

मामाच्या हातातला चहा बशीत सांडला.

"वनिता," तो म्हणाला. "आदिवासी वाडीवरची. कॉम्प्युटर यायच्या आधी सगळी अक्षरं तीच काढायची. ट्रेसिंगच्या पारदर्शक कागदावर, शाईनं. चुकलं की ब्लेडनं खरवडायची, पण कागदाला इजा नाय. असा हात पुन्हा बघितला नाय मी."

"मग चौकटीत तिचं नाव का नाही? जुन्या नकाशांवर सगळीकडे तुझंच आहे."

मामाने बशीतला चहा पुन्हा कपात ओतला.

"चार वेळा बोलली ती मला. घालू, घालू म्हणत र्‍हायलो. मग कॉम्प्युटर आला. म्हटलं, हे तुझं काम नाय. तर दारात उभी राहून बघत बसायची. पुढं कावीळ झाली... गेली."

मनस्वीला वाईट वाटलं का? थोडं. पण खरं सांगू, तिला हेवा वाटला. असा हात पुन्हा बघितला नाय, म्हणे! मेलेल्या बाईचा हेवा.

त्याच दुपारी सातव्या नकाशाची फाइल उघडली.

आकडे वाचत ती शेवटाला आली...

शेवटी एक ओळ जास्तीची होती.

इंग्रजी अक्षरांत... वनिता.

उंची इतकी बारीक की पडद्यावर काही दिसणारच नाही. ७१ खाली सहा. उलटं नाव, डोक्यावर उभं.

मनस्वी ताडकन उठली. आत नमिता तांदूळ निवडत होती.

"तूच घातलंस ना गो हे?"

"काय घातलं?"

"सोंग नको करू! माझं काम बिघडवायचंय तुला."

"मला येतात का तुझे ते आकडे? 'माझ्याशिवाय कुणाला जमत नाय' म्हणून तूच मिरवतेस ना गावभर?"

खरंच की...

मनस्वीने ती ओळ पुसून टाकली.

आठवी फ्लॉपी कारखान्याच्या माणसाने नुकतीच आणून दिली होती. पाकीट चिकटवलेलंच. तिने स्वतः फाडलं.

फाइल उघडली. शेवटाला आली.

वनिता.

या वेळी ११ आणि २१ खालचे आकडे वेगळे होते. उंची वाढली होती. ७१ खाली आता चार.

म्हणजे आरशातलं उलटेपण गेलं होतं...

नवव्या फाइलीत ७१ खाली शून्य. नाव सरळ उभं होतं.

मनस्वीने आलेखाचा कागद घेतला. तिन्ही जागांचे ठिपके मांडले. पट्टी लावली. तिन्ही एका रेघेत आले. रेघ पुढे वाढवली, तर ती नेमकी कोपऱ्यातल्या चौकटीत जात होती.

तिच्या चौकटीत!

ती घाबरली, पण त्याहून जास्त चिडली. "माझं आहे ते!" ती मोठ्याने म्हणाली. ऑफिसात कुणी नव्हतं. मामा कारखान्यात गेला होता, नमिता घरात झोपली होती.

तिने दहावी फाइल उघडली. नाव होतंच. त्याचे १० आणि २० खालचे आकडे बदलून तिने नाव लांब, पार नकाशाबाहेर फेकलं. पुन्हा उघडून पाहिलं...

ढिम्म.

पुन्हा आकडे बदलले. पुन्हा ढिम्म.

तिसऱ्या वेळी तिच्या लक्षात आलं. मामाची चूक ती स्वतः करत होती! खरी जागा ११ आणि २१. तिनेच शोधलेली. भीतीने तीच विसरली.

तिने हात पुढे केला...

आणि लाइट गेली.

पंखा थांबला. पडदा काळा झाला. बाहेर एक कावळा ओरडत होता, तोही गप्प झाला.

मग मागून आवाज आला.

खस्...

खस्... खस्...

उंदीर असेल, तिला वाटलं. पण उंदीर थांबून थांबून, जपून जपून असा आवाज करत नाही. तो ब्लेडचा आवाज होता. ट्रेसिंगवर शाई खरवडतात ना, तसा.

मागे मामाचं जुनं टेबल होतं. त्यावर सकाळीच छापलेला पहिला नकाशा पसरलेला होता. चौकटीत मनस्वीचं नाव होतं. दिवसभरात दहा वेळा जाऊन तिने ते बघितलं होतं.

तिने मान वळवली नाही. वळवताच येईना.

आवाज थांबला...

कुणीतरी हलकेच फुंकर मारली. खरवडलेली भुकटी उडवतात, तशी.

तेवढ्यात लाइट आली. पंखा फिरला. मनस्वी वळली. टेबलापाशी कुणी नव्हतं. नकाशा तसाच होता... चौकट मात्र कोरी. कागदाला जराही इजा नाही.

कॉम्प्युटर आपोआप सुरू होत होता. तिने पुन्हा दहावी फाइल उघडली. शेवटची ओळ आता वनिताची नव्हती.

मनस्वीचं नाव होतं.

उंची इतकी बारीक की दिसणार नाही. ७१ खाली... सहा.

चप्पल न घालता ती स्टँडवर धावली. मिळेल ती एस.टी. पकडून पेणला आली.

पाच दिवस ती घराबाहेर पडली नाही. मला सगळं सांगितलं, ते याच दिवसांत. मी पुतळीला गाठलं. म्हटलं, तुला वनिताचं कुणी सांगितलं? पुतळी रडायलाच लागली. तिला काही ठाऊक नव्हतं. तिने नुसती थाप मारली होती.

सहाव्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या जनूकाकांकडे फोन आला. नमिताचा. मी आणि मनस्वीने एकाच रिसीव्हरला कान लावले.

"झाले गो सगळे नकाशे! एकदम साफ. बाबांनी चौकटीत माझं नाव घातलं."

मनस्वीने विचारलं, "आणि... आकडे?"

"येतात आता मला."

"कुणी शिकवले?"

नमिता हसली. लाडात येऊन हसतात ना, तशी.

"वनिताताईनं. जवळच बसते ती माझ्या. म्हणते, मनस्वीपेक्षा तुझा हात बरा हाय."

मला वाटलं, मनस्वी आता किंचाळणार, नाहीतर चक्कर येऊन पडणार.

तसं काही झालं नाही.

तिने शांतपणे फोन ठेवला. तिचं तोंड लाल झालं होतं. ताटावर नमिताचं कौतुक सुरू झालं की व्हायचं, अगदी तसंच. हे मी कितीदा पाहिलं होतं. पण त्या दिवशी ते बघून मला तिचीच भीती वाटली. मी तिचा हात धरला, तिने सोडवून घेतला. मी पुन्हा का धरला नाही, हे मला अजून कळत नाही.

घरात तिचे आई-बाबा जेवायला बसत होते. आई म्हणाली, "आलीस? बस गो, माशाचं कालवण केलंय."

मनस्वी उंबऱ्यातच उभी राहिली.

"आई, बाबा, सकाळच्या पहिल्या गाडीनं मी रोह्याला परत चाललेय. मला अडवू नका. ती आधी माझ्याकडे आली होती."