फोटोतली मांडी

न्हाणीतून बाहेर येते तो पाळणा रिकामा. अपूर्वाने चादर झटकली. यज्ञेश नव्हता. आजेसासू शिवकांताबाईही नव्हत्या. पुढच्या दाराला बाहेरून कडी.

अकरा महिन्यांचं लेकरू आणि पंच्याऐंशी वर्षांची म्हातारी. नवरा मिहिर पुण्यात. अपूर्वाच्या हाका ऐकून शेजारणीने कडी काढली.

वरच्या खोलीतून सासरे उतरले. श्रीपादराव गाजलेले नाटककार, नांदेडात सगळे ओळखतात. ती पोलिसांना फोन लावत होती. पेपरात नाव येईल, जरा थांब म्हणत त्यांनी हात धरला. यांना लेकरापेक्षा पेपरची पडलीय?

आजींचा मोबाईल लावला. तो फ्रिजवरच वाजला.

रडू दाबत तिने घर पाहिलं. दुधाची बाटली नव्हती. जावळासाठी शिवलेली हिरवी कुंची नव्हती. आजींच्या खाटेजवळचा फोटोही नव्हता. भिंतीवर उजळ चौकोन तेवढा उरला होता. त्या फोटोत वर्षाचे श्रीपादराव, डोकं अर्धं भादरलेलं. ज्याच्या मांडीवर बसले होते तो माणूस कापलेला. चौकड्याची लुंगी आणि एक हात शिल्लक.

लेकरू पळवणारा कुंची कशाला नेईल?

"बाबा, काल आजींना फोन कुणाचा होता?"

"राँग नंबर."

"आधी मी उचलला होता. बाई रडत होती. तुम्ही हिसकावून कापलात."

ते जिन्याकडे वळले. ती आडवी आली.

"ईदला औशाहून शेवयांचा डबा कोण पाठवतं?"

"आईचे जुने शेजारी."

"शेजारी डब्यावर चोळीचा खण ठेवतात?"

तिने गाडीची किल्ली त्यांच्या हातात दिली.

"गाडी काढा," ती म्हणाली. "औशाला."

रस्ताभर ती रिकामी ओटी धरून बसली होती. आपला अंदाज चुकला तर?

किल्ल्यामागच्या गल्लीत रडणं ऐकू आलं. ओळखीचं. ती धावली.

खाटेवर उशीला टेकलेला म्हातारा धापा टाकत होता. त्याच्या मांडीवर हिरव्या कुंचीतला यज्ञेश, शेजारी कातर घेतलेला न्हावी. अपूर्वाने लेकरू उचलून छातीशी आवळलं.

"रागवू नको पोरी," आजी म्हणाल्या. "कडी मीच लावली. तू येऊ दिलं नसतंस."

श्रीपादराव उंबऱ्यातच थांबले होते. अपूर्वा त्यांच्याकडे वळली.

"मला भाऊ नाही, म्हणून जावळ अडलं होतं. आजी म्हणाल्या, मामाची काय कमी हाय? मी हसण्यावारी नेलं. पण जावळाला मांडी मामाचीच लागते, बाबा. तुमच्या फोटोतला माणूस म्हणजे आजींचा भाऊ. खणही त्याचाच."

म्हाताऱ्याची मुलगी फरीदा पुढचं बोलली. शिवकांताबाईंची आई बाळंतपणातच गेली. शेजारी राहणाऱ्या फरीदाच्या दादीने आपल्या मोहियोद्दीनसोबत, म्हणजे खाटेवरच्या या म्हाताऱ्यासोबत, त्यांनाही अंगावर पाजलं. दूधभाऊ. काल डॉक्टरांनी आशा सोडली, तिने फोन केला, तो कापला गेला; म्हणून पहाटे निघून ती स्वतः गाडी घेऊन आली. पणतूचं जावळ भावाच्या मांडीवर व्हावं, हा हट्ट आजींचा.

"फोटो कुणी कापला, बाबा?"

"मी." ते उंबऱ्यातूनच म्हणाले. "माझ्या आईला माहेर नव्हतं, या एका वाक्यावर पहिलं नाटक उभं राहिलं. लोक रडले. मग ते मागं घेता आलं नाही."

मोहियोद्दीन खोकत हसले. "शिरपा, मांडी तरी ठेवलीस की रे."

न्हावी थांबून होता. अपूर्वाला लेकरू घेऊन पळून जावंसं वाटत होतं. म्हाताऱ्याने लुंगी सारखी करून मांडी पुढे केली.

तिने यज्ञेशला पुन्हा त्या मांडीवर ठेवलं, पण त्याचं पाऊल मुठीतून सोडलं नाही.

"कातर जपून," ती न्हाव्याला म्हणाली. मग मोबाईल सासऱ्यांपुढे धरला.

"फोटो काढा, बाबा. अख्खा."