रिकाम्या खोलीचा श्वास

स्पर्धा सुरू व्हायला पाच मिनिटं उरली होती आणि बंबच्या चौकोनात अजून त्याचं नुसतं कपाळच दिसत होतं.

"कॅमेरा खाली घे," वकील म्हणाली. "परीक्षकांना वाटेल, आम्ही टीममध्ये भोपळा भरती केलाय."

"भोपळ्यात निदान बिया असतात. तुझ्यासारखी नुसती बडबड नसते," कॅमेरा वाकवत बंब म्हणाला.

मुंगीला हसू आलं. तिने उठून आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. बंब तिचा मावसभाऊ. पाणी तापवायच्या बंबासारखा बघता बघता तापायचा, म्हणून हे नाव. वकील तिच्या वर्गातली; सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी पुरावा मागणारी. आणि मुंगी ती मुंगी, कारण अंगाने एवढीशी आणि कणकण गोळा करून ठेवायची सवय. तिघं एकाच लांबलचक रस्त्यावर राहत, पण आजची भेट पडद्यावरच होती. सुट्टीतली ही हॅकेथॉन घरबसल्या होती. हायस्कूलच्या मुलांच्या चाळीस टीम, वेळ नऊ ते पाच, आणि सगळ्यांना कोडं एकच.

ते कोडं स्पर्धा घेणाऱ्या सरांनी नीट समजावून सांगितलं. एक बंद इमारत आहे. तिच्यात चौदा खोल्या. प्रत्येक खोलीच्या भिंतीवर एक डबी बसवलेली, ती तिथला आवाज, उजेड आणि हवा मोजते. त्या डब्यांचे आकडे एका लिंकवर सतत येत राहतील. ते वाचून कुठली खोली रिकामी आहे हे ओळखणारा प्रोग्राम मुलांनी लिहायचा, म्हणजे तिथले दिवे-पंखे आपोआप बंद करता येतील. दुपारपर्यंतचा पहिला टप्पा अगदी सोपा होता: चौदाही खोल्या रिकाम्या ठरल्या की पूर्ण गुण.

"आकडे मागच्या वर्षीच्या सुट्टीतले आहेत," सर म्हणाले. "इमारतीत चिटपाखरूही नाही. तेव्हा घाबरू नका."

शेवटचं वाक्य त्यांनी गमतीत म्हटलं होतं.

प्रोग्रामची युक्ती मुंगीची. दिवा कुणी विसरूनही जातं आणि आवाज रस्त्यावरूनही येतो, पण श्वास काही कुणी विसरत नाही. माणूस श्वास सोडतो तसा बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. तेव्हा तो आकडा चढताना दिसला की आत माणूस, नाहीतर खोली रिकामी. बंबने तासाभरात प्रोग्राम लिहिला, वकिलीणबाईंनी त्यात सात चुका काढल्या, तो सात वेळा तापला आणि साडेदहाला त्यांनी प्रोग्राम चालवला.

पडद्यावर एकेक ओळ उमटत गेली. खोली एक, रिकामी. दोन, रिकामी. तीन, चार, पाच, सहा, रिकामी.

खोली सात: माणूस आहे.

मग आठपासून चौदापर्यंत पुन्हा सगळं रिकामं.

"घाण केलीस काहीतरी," वकील म्हणाली. बंबने पहिल्या ओळीपासून सगळं तपासलं. चूक सापडेना. मुंगीने चौदाही खोल्यांचे आलेख शेजारी शेजारी मांडले. तेरा रेषा झोपल्यासारख्या सपाट होत्या, चारशेच्या आसपास, बाहेरच्या मोकळ्या हवेइतक्या. सातवी मात्र नऊ हजारांच्या वर होती आणि मुंगीच्या डोळ्यांदेखत, भिंतीवरून गोगलगाय चढावी तशी, वर सरकत होती.

सकाळच्या लख्ख उजेडात तिच्या अंगावर काटा आला. बाहेर कुणीतरी जिना झाडत होतं, स्वयंपाकघरात आई भांडी लावत होती, सगळं रोजचंच होतं. आणि समोर, कुठल्याशा कुलूपबंद इमारतीतली एक रिकामी खोली श्वास घेत होती.

त्यांनी सरांना विचारलं. सरांच्या मागे चाळीस टीमचं लचांड. डबी बिघडली असेल, असं एका वाक्यात सांगून ते मोकळे झाले. बाकी सगळ्यांनी सात नंबर वगळून टाकलाय, तुम्हीही वगळा. फलकावर बघितलं तर खरंच एकोणचाळीस टीमना चौदापैकी चौदा, आणि यांचे तेरा. सगळ्यांत तळाशी.

"वगळ ना," बंब म्हणाला. "एक ओळ लिहायची. खोली सात, दुर्लक्ष करा. पहिल्या तिघांना लॅपटॉप आहे, माहितेय ना? माझा हा आजोबांच्या वयाचाय."

"बिघडलेली डबी एकसारखी चढत नाही. बिघडलेली डबी येड्यासारखं करते," मुंगी म्हणाली.

"पुरावा?" वकील.

पुरावा हवा म्हणून मुंगीने आवाजाचे आकडे काढले. सात नंबरच्या खोलीत बहुतेक वेळ शून्याला टेकलेली शांतता होती. मधूनच आकडा टुणकन वर जायचा आणि परत खाली. बंबला कल्पना सुचली. आकडा वर गेला की आपल्या स्पीकरमधून टक् असा आवाज निघेल, एवढा चार ओळींचा प्रोग्राम त्याने लिहिला. मग तिघांनी कानाला हेडफोन लावले आणि वाट पाहत बसले.

बराच वेळ काहीच नाही.

टक् टक् टक्. टक्क.

तिघांपैकी कुणी हललं नाही. मिनिट गेलं, दुसरं गेलं. मग पुन्हा तेच. तीन हलके, एक जड. या वेळी मधली अंतरं लांबली होती, जणू ठोकणाऱ्याला हात उचलणं जड जात होतं.

"उंदीर असेल," बंब हळूच म्हणाला. पण त्याचा आवाज त्यालाच पटला नाही.

"उंदराला चारपर्यंत मोजता येत नाही," वकील म्हणाली. आज पहिल्यांदा तिने पुरावा मागितला नव्हता, दिला होता. "पण मुंगे, हे मागच्या वर्षीचं आहे. जे काही झालं असेल ते होऊन गेलंय."

मुंगी ते ठोके मनात घोळवत होती. तीन हलके, एक जड. हे तिने कुठेतरी ऐकलं होतं. खूप लहान असताना, कागदाच्या आणि खळीच्या वासात बसून. आठवण जिभेच्या टोकावर येऊन परत जात होती.

तेवढ्यात बंबच्या माइकमधून भोंग्याचा कर्कश आवाज आला. त्याच्या घरावरून अग्निशमनची गाडी चालली होती. बंबने कान झाकले. अर्ध्या मिनिटाने तोच भोंगा वकीलच्या खिडकीखालून गेला, आणि मग मुंगीच्या. गाडी रस्त्याने पुढे पुढे जात, आवाज बारीक होत होत विरला.

आणि पडद्यावर, खोली क्रमांक एकच्या आवाजाची रेषा ताडकन उभी राहिली. दहा सेकंद वर राहिली आणि उतरली.

मुंगीने त्या रेषेवर बोट ठेवलं. "बंब, तू, मग वकील, मग मी, मग ही इमारत," ती म्हणाली. "हे मागच्या वर्षीचं नाहीये. हे आत्ताचं आहे. आणि ही इमारत आपल्या रस्त्यावर आहे."

मुंगीच्या डोक्यात कण जमायला लागले होते. रस्त्याच्या टोकाला काय होतं? जुन्या नोंदींचं कार्यालय. तिथे बाबा कारकून होते. वर्षभर ते एका नव्या यंत्राच्या नावाने बोटं मोडत होते: माणसं मोजतं, दारात कार्ड टेकवून आत जायचं, टेकवून बाहेर पडायचं, आणि आतला आकडा शून्य झाला की दिवे, पंखे, हवेचा झोत बंद करून दारांना कुलूप घालतं. त्याच कार्यालयात लहानपणी ती बाबांसोबत जायची. तळघरातल्या पोलादी दाराच्या खोलीत बाइंडरकाका फाटक्या नोंदवह्या शिवत बसायचे. वहीच्या पाठीला गोलाई यावी म्हणून छोट्या हातोडीने ठोकायचे. तीन हलके, एक जड.

ती खुर्ची ढकलून धावली.

बाबा पंख्याची पाती पुसत स्टुलावर उभे होते. काल किती वाजता निघालात, मुंगीने विचारलं. सहाला, नेहमीसारखं. सगळे बाहेर पडले होते? बाबा हसले. यंत्रानेच सांगितलं की, आत शून्य. त्याशिवाय दार लागत नाही.

"कार्डं कुणी टेकवली?"

यावर त्यांनी मजेत सांगायला सुरुवात केली. नऊ जणांनी रांगेत उभं राहून एकेक कार्ड टेकवायचं म्हणजे खोळंबा. म्हणून त्यांच्यात पाळ्या ठरलेल्या. ज्याची पाळी, तो सगळ्यांची कार्डं ड्रॉवरमधून घेतो आणि पत्ते वाटावेत तशी भराभर टेकवतो. बाकीचे मागच्या दाराने आधीच सटकतात. काल सुट्टी लागायची घाई, आणि पाळी होती त्यांचीच.

"बाइंडरकाकांचंही टेकवलंत?"

"टेकवलं की. त्यांचं कार्ड..."

बाबांचा हात पात्यावर थांबला.

"बाबा, काका मागच्या दाराने जाताना तुम्ही पाहिलंत?"

ते स्टुलावरच खाली बसले. काका तळघरात खाली मान घालून काम करतात. कानाने कमी ऐकतात. शाई आणि फोन आत न्यायला बंदी, म्हणून फोन वर कपाटात असतो. घरी वाट पाहणारं कुणी नाही. दाराचं आतलं बटण सहा महिने बिघडलंय. तक्रारीचा अर्ज बाबांनीच स्वच्छ अक्षरात लिहून फायलीत लावला होता. हे सगळं ते स्वतःशीच पुटपुटत होते, आणि एकेक वाक्यागणिक त्यांचा चेहरा पांढरा पडत चालला होता.

मुंगीने लॅपटॉप आणून समोर धरला. रेषा दहा हजारांच्या वर गेली होती.

आई दारात कधी येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. तिने एकही प्रश्न विचारला नाही. एका हाताने बाबांना कार्यालयाच्या किल्ल्या दिल्या, दुसऱ्या हाताने अग्निशमनचा नंबर फिरवला. "तुम्ही निघा," ती म्हणाली. "वाटेत साहेबांना फोन करत बसू नका. आधी दार."

बाबा गेले. मुंगी पुन्हा पडद्यासमोर बसली. सरांना वकीलने गाठलं होतं आणि ती त्यांच्याशी आयुष्यातला पहिला खरा खटला लढत होती. सर आधी चिडले, मग गोंधळले, मग त्यांनी कार्यालयाच्या तंत्रज्ञाला फोन लावला. परत आले तेव्हा त्यांचा आवाज बारीक झाला होता. जुन्या आकड्यांची फाइल द्यायची होती. तंत्रज्ञाने घाईत चालू आकड्यांची लिंक देऊन टाकली होती, आणि ती कुणीही उघडून बघितली नव्हती.

आता करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. हीच सगळ्यांत वाईट गोष्ट होती. तिघं तीन खोल्यांत बसून एका रेषेकडे बघत होते. आईही मुंगीच्या खुर्चीमागे उभी होती, तिची बोटं मुंगीच्या खांद्यात रुतली होती.

टक् टक्.

तिसरा ठोका आलाच नाही.

"काका, अजून एक," मुंगी म्हणाली, जणू त्यांना ऐकूच जाणार होतं. बंब डोळे मिटून बसला होता. वकील नखं खात होती. हेडफोनमधली शांतता इतकी दाट झाली की मुंगीला स्वतःच्याच कानातलं रक्त ऐकू येऊ लागलं.

खोली क्रमांक एक: आवाज. म्हणजे पुढचं दार उघडलं. मग चार. मग सहा. कुणीतरी इमारतीतून धावत होतं आणि आकड्यांच्या टाचा वाजत होत्या.

खोली सात: उजेड.

आवाजाची रेषा वर गेली आणि वरच राहिली. आणि मग ती गोगलगाय, कालपासून अखंड चढत आलेली, थबकली आणि खाली उतरायला लागली. नऊ हजार. आठ. सहा. दार सताड उघडं होतं.

बंब रडत होता आणि कॅमेरा नेमका त्याच्या तोंडावर होता. वकीलने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

पाच वाजता समारोपाला चाळीस टीमचे चौकोन भरले. फलकावर मुंगीची टीम अजून तळाशीच होती. सरांनी झाली हकीकत लपवाछपवी न करता सांगितली. बिघडलेली डबी म्हणून आपण किती सहज उडवून लावलं, तेही. "एकोणचाळीस टीमनी आम्हाला हवं ते उत्तर दिलं," ते म्हणाले. "एका टीमने खरं उत्तर दिलं. उद्या तुम्ही मोठे होऊन यंत्रं बनवाल, तेव्हा एवढं लक्षात ठेवा." मग त्यांनी फलक पुसून टाकला आणि त्यावर एकच टीम लिहिली.

कार्यालयाचे साहेबही पडद्यावर येऊन बोलले. सुट्टी संपायच्या आत बटण दुरुस्त होणार होतं, आणि यापुढे ज्याचं कार्ड त्यानेच टेकवायचं होतं. साहेबांच्या शेजारी बाबा उभे होते. ती नऊ कार्डं मीच टेकवली, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मुंगीला वाटलं होतं, तिला लाज वाटेल. वाटली नाही.

शेवटी बाबांनी कॅमेऱ्यासमोर धरलेल्या फोनवर बाइंडरकाका दिसले. दवाखान्यातल्या पलंगावर उशीला टेकून बसलेले, ओठ कोरडे, डोळे मात्र लकाकत होते. त्यांना बरंच काही बोलायचं होतं, पण दम पुरत नव्हता.

"पोरांनो," ते म्हणाले, "मला वाटलं, भिंतच ऐकतेय."

मुंगीने माइकजवळच्या टेबलावर बोटाने ठोकलं. तीन हलके, एक जड. काकांनी थोडा वेळ कान दिला. मग पलंगाच्या लोखंडी दांडीवर तेच ठोके परत वाजवले, चारही पुरे.

सगळे निघून गेल्यावर मुंगीने ती लिंक एकदाच उघडली. तिला खात्री करून घ्यायची होती. सात नंबरची रेषा चारशेवर शांत, सपाट पडली होती. बंबचा प्रोग्राम अजून चालूच होता, त्याने नवी ओळ छापली.

खोली सात: रिकामी.

तिने लॅपटॉप मिटला आणि बाबांची वाट पाहायला दारात जाऊन बसली.