तिसरं वर्तुळ

शहरातल्या गोरखपूर मोहल्ल्यात, टेस्ट-ट्यूब बेबीच्या दवाखान्यात, वरच्या मजल्यावर, चिन्मयीचं काम एवढंच: आज अंड्यात सुईने एक शुक्राणू सोडायचा आणि उद्या सकाळी मायक्रोस्कोपखाली वर्तुळं मोजायची. दोन दिसली तर ठीक. एक आईचं, एक बापाचं. तीन दिसली तर ते अंडं फेकून द्यायचं. अकरा वर्षं मोजून मोजून तिला वाईट वाटायचं केव्हाच बंद झालं होतं.

रांझी भागातून येणाऱ्या विनताची मात्र सातही अंडी तीन-तीन वर्तुळांची निघाली. सहा महिन्यांनी परत सहाच्या सहा. एखाद-दुसरं बिघडतं, हो. पण सगळीच्या सगळी? चिन्मयीने वय पाहिलं, इंजेक्शनांचे डोस पाहिले, नवऱ्याचे, योगेशचे रिपोर्ट पाहिले, सुईसुद्धा बदलून पाहिली. कुठेच बोट ठेवायला जागा नव्हती. योगेश फॅक्टरीतून अर्धी सुट्टी काढून यायचा, खाली बाकावर बसून राहायचा.

तिसरी खेप शेवटची. यापुढे अंडी मिळायची नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं होतं. कागद भरताना विनताच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात ओवलेला नखाएवढा चांदीचा टाक चिन्मयीला दिसला, मेलेल्या माणसाच्या नावाने करतात तसला. त्यावर बाईचा चेहरा ठोकलेला होता.

“सवत आहे जी माही, मॅडम. समृद्धी. ती वारली, म्हणून मी आली. सासूबाईनं कमानिया गेटच्या सोनाराकडून करवून गळ्यात घातली. अंडी काढून राहिले होते ना, तेव्हाही मुठीत होती.”

चिन्मयीचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. तरी ती म्हणाली, या वेळी घरी ठेवून या. का म्हणाली, तिचं तिलाच कळलं नाही.

विनताने टाक देवघरात ठेवला. पाच अंडी निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाचांतही दोन-दोन वर्तुळं, अगदी स्वच्छ. चिन्मयीने तीनदा मोजली. आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. तिने फोन लावला.

पाचांतही दोनच वर्तुळं आहेत, असं विनताला सांगितलं. मग विनताने हळूच विचारलं, “दोनच? मग त्यात मी आहे ना, मॅडम?”

“आहात की,” चिन्मयी सवयीने म्हणाली.

पाचव्या दिवशी गर्भ आत सोडला. पाच मिनिटांचं काम. आटोपल्यावर चादर सारखी करायला चिन्मयी वाकली, तर टेबलावरच्या बाईच्या गळ्यात टाक. नवा करकरीत.

“घरी ठेवा म्हटलं होतं ना?”

“समृद्धीचा घरीच आहे,” बाई म्हणाली. बोलण्यात ‘जी’ नव्हतं, ‘मॅडम’ नव्हतं.

“मग हा?”

“हा विनताचा.”

चिन्मयीने चादर तिच्या गळ्यापर्यंत ओढली. फाइल उघडून वेळ लिहिली. नावापाशी तिचा पेन थांबला.